पाम थ्रीवर डिलीट करूनही मेमरी पुन्हा पुन्हा भरते: कारण आणि उपाय

पाम थ्री हा खिशात मावणारा छोटा डायरी-संगणक किंवा त्याच्या मागेपुढे आलेलं पाम अजून वापरात असेल आणि दर काही महिन्यांनी जागा संपल्याची सूचना येत असेल, तर हे वाचा. लक्षण ठरलेलं आहे. जुन्या नोंदी काढायच्या, दोन-चार गेम उडवायचे, पाच-पन्नास केबी मोकळे होतात. श्रावणात साफ केलेलं मशीन दिवाळीला पुन्हा तिथेच येऊन उभं राहतं. बहुतेक जण मग म्हणतात, मशीन म्हातारं झालं. मशीनला काहीही झालेलं नसतं.

मला हे बडोद्यात, आमच्या घरातच कळलं. दांडिया बाजारात माझे मोठे काका राहतात. खताच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. 1999 साली त्यांच्या मेहुण्याने अमेरिकेहून येताना पाम थ्री आणून दिला, तो आजही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. 2 एमबी रॅम, दोन ट्रिपल ए सेल, 160 बाय 160 ठिपक्यांचा पडदा. त्यात घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस, डॉक्टरांच्या तारखा, काकूंनी सांगितलेल्या आणि काकांनी ग्राफिटीने, म्हणजे पामच्या पडद्यावर लिहायच्या खास लिपीने, रोमन अक्षरांत उतरवून घेतलेल्या मराठी पाककृती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आळीच्या गणपतीची वर्गणी. घरटी एक नोंद अ‍ॅड्रेस बुकात, खाली नोटमध्ये रक्कम आणि पावतीचा नंबर. उत्सव झाला, हिशोब वहीत उतरला की काका ती सगळी यादी काढून टाकतात. पुढच्या वर्षी नवी यादी. हे दरवर्षी न चुकता.

तीन वेळा मी त्यांचं मशीन साफ करून दिलं आणि तिन्ही वेळा ते पुन्हा भरलं. चौथ्या वेळी काका म्हणाले, "अरे, तू येऊन साफ करतोस ते ठीक, पण मी नवीन काही घालतच नाही रे. मग भरतं कशाने?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि तो मी आधीच विचारायला हवा होता. मी प्रत्येक वेळी मोठे प्रोग्रॅम शोधत होतो. बुद्धिबळ काढा, न वाचलेलं पुस्तक काढा. तेवढ्यापुरती जागा व्हायची, पण मूळ कारणाला हात लागत नव्हता.

त्या रविवारी व्हरांड्यात बसून आम्ही मोजायचं ठरवलं. तुम्हीही आधी हेच करा. अ‍ॅप्लिकेशन्सच्या चिन्हावर टिचकी मारा म्हणजे सगळे प्रोग्रॅम दिसतील. मग खाली डावीकडच्या मेन्यूच्या चिन्हावर, आणि ‘अ‍ॅप’ या यादीतून ‘इन्फो’. वर एकूण मोकळी जागा दिसते. खाली तीन बटणं असतात: व्हर्जन, साइज, रेकॉर्ड्स. ‘साइज’ दाबलं की प्रत्येक प्रोग्रॅमपुढे तो किती केबी खातो ते येतं. काकांच्या मशीनवर मोकळी जागा 19 केबी होती. मेमो पॅडपुढे 212 केबी.

मेमो पॅड उघडलं तर आत मोजून तेवीस मेमो. पामवर एका मेमोत साधारण 4000 अक्षरं मावतात, म्हणजे तेवीस मेमो काठोकाठ भरले तरी शंभर केबीच्या आत. मग 212 कुठून?

आता हातचलाखी वाटेल अशी गोष्ट. काकांनी सांगितलं की जुन्या सहलीचे पाच लांबलचक मेमो आता नकोत. मी ते पाचही डिलीट केले. परत इन्फो उघडलं. मेमो पॅड 212 केबी. एक केबीसुद्धा हलला नाही. सहावा मेमो काढताना मी प्रश्न विचारणारी चौकट नीट वाचली. "मेमो काढायचा का" असं विचारून त्याखाली एक छोटा चौकोन असतो, ‘सेव्ह आर्काइव्ह कॉपी ऑन पीसी’ आणि त्यात आधीपासून टिक केलेली असते. ती टिक मी काढली आणि मग ओके दाबलं. पुन्हा इन्फो. आता 208.

सगळी तक्रार त्या एका टिकेत होती.

पाममध्ये नोंद काढून टाकण्याच्या दोन पद्धती आहेत आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत नोंद यादीतून गायब होते. टिक नसताना नोंदीचा मजकूर खरोखर पुसला जातो. मागे उरते ती फक्त एक खूण, आठ बाइटची: ही नोंद कुठे होती, तिचा क्रमांक काय, आणि ती काढली आहे एवढंच. टिक असताना मात्र मजकूर जसाच्या तसा रॅममध्ये राहतो आणि त्यावर ‘काढलेली, पीसीवर जपायची’ असा शिक्का बसतो. पुढच्या हॉटसिंकला, म्हणजे पाम पीसीला जोडून दोघांच्या याद्या जुळवताना, पीसी तो मजकूर उचलून घेतो, आपल्या आर्काइव्ह फाइलमध्ये ठेवतो, आणि मग पामला सांगतो की आता पुसलं तरी चालेल. तोवर जागा अडकलेली.

असं का केलं असेल, हे समजून घेतलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात. 1996 साली या मालिकेतलं पहिलं मशीन, पायलट 1000, आलं तेव्हा त्यात 128 केबी मेमरी होती. एवढ्याशा जागेत आयुष्यभराचं दफ्तर ठेवायचं नव्हतंच. दफ्तर टेबलावरच्या संगणकात, आणि पामच्या पोटात फक्त रोजच्या वापराचं. दोघांकडे एकच यादी असायला हवी, म्हणून पामवर काढलेल्या नोंदीची खूण ठेवावीच लागते. ती नसेल तर पीसीला वाटेल की ही नोंद पामकडे पोचलीच नाही, आणि तो ती परत पाठवेल.

आम्हा बडोदेकरांना हे समजायला सोपं जावं. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, त्यात गावोगावी पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवायची फिरती ग्रंथालयं होती. पेटीत मावतील तेवढीच पुस्तकं. वाचून झालेलं पुस्तक गावात बाजूला काढून ठेवलं म्हणून पेटीत नव्याला जागा होत नाही. पेटी बडोद्याला यायला हवी, नोंदवहीत जमा व्हायला हवी, तेव्हाच नवं पुस्तक आत जातं. काकांची पेटी बडोद्याला येतच नव्हती. त्यांचा जुना पीसी 2009 च्या सुमारास बंद पडला, नव्या लॅपटॉपला नऊ पिनांचा सीरियल पोर्ट नाही, आणि क्रेडल (पाम बसवून पीसीला जोडायची बैठक) तेव्हापासून माळ्यावर. म्हणजे त्यानंतर काकांनी काढलेली वर्गणीची प्रत्येक यादी, प्रत्येक मेमो, डॉक्टरची प्रत्येक जुनी तारीख अजून मशीनमध्येच होती. अ‍ॅड्रेस बुकाचा आकडा पाहिला तेव्हा काकाही गप्प झाले. 571 केबी, आणि दिसणारी नावं दोनशेच्या आसपास.

उपाय करताना क्रम पाळा, कारण चुकीच्या क्रमाने केलं तर मजकूर जाईल.

पहिलं काम, ती टिक काढायची. ती प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी असते आणि शेवटची निवड तो प्रोग्रॅम लक्षात ठेवतो. मेमो पॅडमध्ये काढली म्हणून डेट बुकमध्ये, म्हणजे तारखांच्या डायरीत, निघत नाही. चारही मुख्य प्रोग्रॅममध्ये एकेक निरुपयोगी नोंद मुद्दाम तयार करा, ती डिलीट करताना टिक काढा, झालं. डेट बुक आणि टू डू लिस्टमध्ये जुन्या नोंदी एकदम काढणारं ‘पर्ज’ आहे, तिथेही हाच चौकोन असतो. पर्ज दाबताना तो बघायचा विसरू नका, कारण पर्जमध्ये एका दमात शेकडो नोंदी जातात आणि टिक असेल तर शेकडोच्या शेकडो आत राहतात. काकांचं डेट बुक याच कारणाने फुगलं होतं. दर महिन्याला शिस्तीत पर्ज करायचे, आणि प्रत्येक वेळी आर्काइव्हसह.

टिक काढली म्हणजे यापुढे भरणार नाही. पण आधी साठलेलं याने निघत नाही, आणि ते मशीनवरच्या मशीनवर काढायचा मार्ग मूळ प्रोग्रॅममध्ये दिलेला नाही. त्यासाठी एकदा तरी संगणकाला जोडावंच लागतं.

जोडण्याआधी सेल बदला. सीरियल जोडणी चालू असताना पाम जास्त करंट खेचतो, आणि ऐन कामात सेल उतरले तर रॅम कोरी व्हायला वेळ लागत नाही. या मशीनमध्ये सगळा मजकूर रॅममध्येच असतो, वेगळी डिस्क नाही. सेल काढल्यावर आतला कपॅसिटर साधारण एक मिनिट मेमरी धरून ठेवतो. म्हणून नवे सेल आधी पाकिटातून बाहेर काढून, दिशा बघून हातात तयार ठेवायचे, मग झाकण उघडायचं. मशीन बंद असताना. काका हे काम देवपूजेसारखं शांतपणे करतात आणि एवढ्या वर्षांत त्यांची मेमरी एकदाही गेलेली नाही.

जोडायचे दोन रस्ते आहेत. जुन्या काढलेल्या नोंदी तुम्हाला खरंच जपायच्या असतील, तर विंडोज एक्सपीचा आणि सीरियल पोर्ट असलेला डेस्कटॉप शोधा. आमच्या ओळखीच्या एका टायपिंगवाल्यांकडे रावपुऱ्यात असा एक शाबूत आहे. त्यावर पाम डेस्कटॉप हा पामचा पीसीवरचा प्रोग्रॅम टाकून नवा युजर करायचा आणि साधं हॉटसिंक करायचं. आर्काइव्हचा मजकूर पीसीवर जातो, पाम डेस्कटॉपमधून आर्काइव्ह फाइल उघडून नंतर वाचता येतो.

जपायच्या नसतील तर लिनक्स आणि त्यावर पामशी बोलणारा ‘पायलट-लिंक’ हा आज्ञांचा संच, हा रस्ता मला जास्त आवडतो, कारण त्यात नेमकं काय चाललंय ते समोर दिसतं. त्यातली ‘पायलट-एक्सफर’ ही आज्ञा दोन कामं करते. बॅकअपचा पर्याय दिला की रॅममधल्या सगळ्या डेटाबेसची एकेक फाइल तुमच्या फोल्डरमध्ये उतरते. पर्जचा पर्याय दिला की ज्या नोंदी काढल्या गेल्या पण कुठल्याच सिंकने साफ केल्या नाहीत, त्या कायमच्या पुसल्या जातात. आधी बॅकअप, फोल्डर उघडून फाइली खरंच आल्यात का ते डोळ्यांनी बघणं, आणि मगच पर्ज. दोन्ही एकदम देऊ नका. सीरियल क्रेडलला आधी संगणकावर आज्ञा सुरू करायची आणि मग क्रेडलवरचं हॉटसिंकचं बटण दाबायचं. उलटं केलं तर पाम थोडा वेळ वाट बघतो आणि जोडणी झाली नाही म्हणून सोडून देतो. बरेच जण इथेच अडतात आणि केबल खराब समजतात.

वेगाबद्दल. पायलट-लिंक सीरियलवर आपणहून 9600 चा वेग धरतं. त्या वेगाने सेकंदाला जेमतेम एक केबी, म्हणजे भरलेल्या 2 एमबीच्या बॅकअपला अर्धा तास उलटून जातो आणि तेवढा वेळ सेल जळत राहतात. वेग 115200 ठेवला तर तेच काम हिशोबाने तीन मिनिटांचं आहे. वेग आधी वाढवून घ्या. आपल्या युजरला सीरियल पोर्ट वापरायची परवानगी नसेल तर लिनक्स पोर्टच उघडत नाही, तेही आधी तपासा.

यूएसबीतून सीरियल करणारी केबल घेताना स्वस्तातली सगळ्यात स्वस्त घेऊ नका. प्रॉलिफिकच्या नकली किंवा जुन्या चिपा विंडोजचे नवे ड्रायव्हर ओळखायचं नाकारतात. एफटीडीआयच्या चिपची केबल थोडी महाग पडते पण मला तिने दगा दिलेला नाही.

काकांच्या मशीनवर पर्ज केलं तेव्हा ते माझ्या खांद्यावरून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते. एकेका डेटाबेसचं नाव येत गेलं. संपल्यावर पाम क्रेडलमधून काढला, इन्फो उघडलं. मेमो पॅड 41 केबी. अ‍ॅड्रेस बुक 46. मोकळी जागा 19 वरून एकदम सातशेंच्या वर. "म्हणजे एवढ्या वर्षांची वर्गणी माझ्या खिशात होती," काका म्हणाले, आणि काकूंना सांगायला आत गेले.

आता बाकीची कारणं. आर्काइव्हइतकी ती सर्रास नाहीत, पण ज्याला भेडसावतात त्याला दुसरं काही सुचत नाही.

नियमित हॉटसिंक करणाऱ्यांचीही मेमरी भरत असेल, तर पीसीवर हॉटसिंक मॅनेजरमध्ये ‘कस्टम’ उघडून बघा. प्रत्येक प्रोग्रॅमपुढे काय करायचं ते लिहिलेलं असतं. कधीतरी सिंक लवकर उरकावं म्हणून कुणीतरी डेट बुक किंवा मेलपुढे ‘डू नथिंग’ निवडलेलं असतं. त्या प्रोग्रॅमच्या काढलेल्या नोंदी साफ करण्याचं काम त्याचाच कंड्युट (सिंकमध्ये त्या प्रोग्रॅमचा मजकूर हाताळणारा पीसीवरचा भाग) करतो, तोच झोपवला तर सिंक यशस्वी झाल्याचं दिसतं आणि नोंदी आत तशाच. मेलची आणखी एक गंमत म्हणजे काढलेली पत्रं आधी ‘डिलीटेड’ या कप्प्यात जातात आणि तिथे नीट वाचताही येतात. मेन्यूत ‘पर्ज डिलीटेड’ आहे, ते वेगळं दाबावं लागतं.

दुसरी तक्रार आमच्या शेजारच्या एका तरुणाची, त्याच्याकडे पाम एम 100 आहे. त्यातही 2 एमबीच. तो हार्ड रिसेट करून मशीन पूर्ण कोरं करायचा, सिंक करायचा, आणि वर्षापूर्वी काढलेले गेम परत हजर. त्याला वाटलं व्हायरस आहे. कारण साधं आहे. पाम डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये तुमच्या युजरच्या नावाखाली ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर असतं. पामवर टाकलेलं जवळपास सगळं त्यात जपलं जातं. पामवरून प्रोग्रॅम काढला तरी तिथली फाइल निघत नाही, आणि हार्ड रिसेटनंतरच्या पहिल्या सिंकला त्या फोल्डरमधलं सगळं परत चढतं. म्हणून हार्ड रिसेटच्या आधी ते फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवायचं, मूळ जागेतून नको असलेल्या फाइली काढायच्या, आणि मग सिंक. सगळं फोल्डर रिकामं मात्र करू नका. ज्या प्रोग्रॅमांना स्वतःचा कंड्युट नाही त्यांचा मजकूर फक्त तिथेच असतो.

तिसरं, पोरके डेटाबेस. पामवरून प्रोग्रॅम काढला की त्याच निर्मात्याच्या खुणेचे सगळे डेटाबेस त्याच्याबरोबर जातात. ती खूण चार अक्षरांची असते, तिला क्रिएटर आयडी म्हणतात. पण पुस्तकाच्या डॉक फाइलींची खूण त्यांची स्वतःची असते. तुम्ही त्या सी-स्पॉट-रन सारख्या पुस्तक वाचायच्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून वाचत असाल आणि तो प्रोग्रॅम काढला, तर पुस्तकं मागे राहतात आणि कुठल्याच प्रोग्रॅमखाली दिसत नाहीत. ‘सेव्ह्ड प्रेफरन्सेस’ या डेटाबेसमध्येही मेलेल्या प्रोग्रॅमांच्या सेटिंग्ज पडून असतात, पण त्या सहसा किरकोळ. यासाठी फाइलझेड हा मोफत प्रोग्रॅम ठेवा. तो रॅममधला प्रत्येक डेटाबेस नावानिशी, आकारानिशी दाखवतो. ज्याचं नाव ओळखीचं नाही ते लगेच काढू नका. आधी बॅकअप घ्या, मग काढा, दोन दिवस वापरून बघा.

एक गल्लत नेहमी होते ती इथेच सांगतो. इन्फोमध्ये पाचशे केबी मोकळे दिसतात आणि तरी एखादा प्रोग्रॅम मेमरी नाही म्हणतो, किंवा ‘फेटल एक्सेप्शन’ची चौकट येऊन मशीन अडकतं. ही तक्रार वेगळी आहे. पामची रॅम दोन भागांत वाटलेली असते. एक साठवणीचा, ज्याबद्दल आतापर्यंत बोललो. दुसरा प्रोग्रॅम चालताना लागणारा, आणि तो पाम थ्रीमध्ये फक्त 96 केबी आहे. साठवण कितीही रिकामी असली तरी त्या भागाला एक बाइटही जास्त मिळत नाही. हॅकमास्टरखाली पाच-सहा हॅक, म्हणजे पामच्या मूळ वागण्यात बदल करणारे छोटे प्रोग्रॅम, चालू ठेवले असतील तर ते आधी बंद करून बघा. मग मागच्या छिद्रात पिन घालून साधा रिसेट करा, मजकूर जात नाही आणि चालू भाग स्वच्छ होतो. पाम थ्रीच्या स्टायलसचं, म्हणजे पडद्यावर लिहायच्या लेखणीचं, वरचं टोक फिरवून काढलं की आत त्यासाठीच पिन असते, पुष्कळांना ती वर्षानुवर्षं सापडलेली नसते. रिसेट केल्यावर मशीन पुन्हा पुन्हा रिसेटच होत राहिलं तर वरच्या स्क्रोलचं बटण दाबून धरून रिसेट करा, म्हणजे हॅक वगैरे न उठवता पाम उठतं आणि दोषी प्रोग्रॅम काढता येतो. पॉवरचं बटण धरून रिसेट मात्र करू नका, तो हार्ड रिसेट आहे. तो पुसण्याआधी विचारतो, पण घाईत हात चुकीच्या बटणावर पडतो.

साठवण वाढवायचीच असेल तर पाम थ्रीत एक सोय दडलेली आहे. त्याची 2 एमबीची रॉम, म्हणजे चालक प्रणाली ठेवलेली कायमची मेमरी, फ्लॅश प्रकारची, म्हणजे पुन्हा लिहिता येणारी आहे आणि चालक प्रणालीने ती पूर्ण व्यापलेली नाही. टीआरजी या कंपनीच्या फ्लॅशप्रो या प्रोग्रॅमने उरलेल्या जागेत प्रोग्रॅम आणि पुस्तकं हलवता येतात. तिथे गेलेलं सेल उतरल्यावरही टिकतं, हार्ड रिसेटनंतरही. माझं मत असं की तिथे फक्त न बदलणारं ठेवावं, शब्दकोश, वाचायची पुस्तकं, गणकयंत्र. रोज बदलणारा मजकूर रॅममध्येच बरा. आणि पाम थ्री-ई किंवा एम 100 असेल तर हा नाद सोडा, त्यांची रॉम फ्लॅश नाही.

काकांसाठी आम्ही आता असं ठरवलंय. अनंत चतुर्दशी झाली, हिशोब वहीत उतरला की त्या आठवड्यात मी लॅपटॉप आणि क्रेडल घेऊन जातो. आधी बॅकअप, त्याचं फोल्डर वर्षाच्या नावाने. मग काका स्वतः यादी काढतात, टिक नसताना. मग पायलट-लिंकचं पर्ज. आठ-आठ बाइटच्या खुणासुद्धा निघून जातात. पर्जच्या आधी आणि नंतर इन्फोमधला मोकळ्या जागेचा आकडा काका त्याच वर्गणीच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवतात. मागच्या वेळी दोन आकड्यांत फरक फक्त 3 केबीचा होता. डेट बुकात कायमच्या वाढदिवसांच्या नोंदी आहेत, त्या डेट बुकाच्या पर्जमध्ये जात नाहीत. पुन्हा पुन्हा येणारी नोंद तिची शेवटची तारीख उलटल्याशिवाय पर्ज काढत नाही, आणि या नोंदींना शेवटची तारीखच नाही. त्यामुळे डेट बुक थोडं जड राहणार. काकांना त्यातली एकही नोंद काढायची नाही.